'पुअर', 'गरीब' आणि 'दीन' : एका विशेषणाची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजीतील अगदी नित्याच्या विशेषणांत 'पुअर' हे एक आहे. प्राथमिक शाळेतील मुलाला त्याचा अर्थ विचारला तर ते 'गरीब' एवढे सांगून मोकळे होईल. आपल्या पाळकवर्गाला आणि कॅटेकिस्ट बंधुभगिनींना हा शब्द वारंवार भेटतो. उपदेशाची तयारी करताना मराठी पवित्र शास्त्राशेजारी एखादे इंग्रजी भाष्य उघडलेले असते. कित्येक मंडळ्यांच्या हिशेबवहीत 'पुअर फंड' या नावाचे सदर असते. इतक्या ओळखीच्या शब्दाविषयी लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. परंतु ओळखीचे शब्दच अधिक फसवे असतात. कठीण शब्द आला म्हणजे आपण कोश उघडतो; सोपा शब्द आला म्हणजे तो न तपासता पुढे जातो, आणि त्याच्या पाठीवर कोणकोणते ओझे लादलेले आहे याची चौकशी करीत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. 'पुअर' या शब्दाने इंग्रजीत जे अर्थ एकत्र बांधले ते मूळ हिब्रू व ग्रीक शब्दांचे अर्थ नव्हेत. त्याचप्रमाणे 'गरीब' आणि 'दीन' या शब्दांनी मराठीत जे अर्थ एकत्र बांधले तेही नव्हेत. या दोन्हीकडच्या गाठी सोडवून पाहिल्याशिवाय धन्यतेच्या वचनांवर (मत्तय ५:३, लूक ६:२०) केलेला उपदेश श्रोत्याला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडण्याचा संभव असतो.

शब्दाची परीक्षा शेवटी श्रोत्यापाशी होते. म्हणून या विवेचनात एक विशिष्ट श्रोता डोळ्यांपुढे ठेवला आहे : सुरत शहराच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांत राहणारा, खानदेशातून पोटासाठी आलेला मराठी भाषक. आधी शब्दांची चिकित्सा करू, मग त्याच्याकडे वळू.

२. 'पुअर' शब्दाची वंशावळ

'पुअर' हा शब्द इंग्रजीचा स्वतःचा नव्हे. तो इसवी सनाच्या १२०० च्या सुमारास जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला, आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिन 'पाउपेर' या शब्दापासून आला. त्याआधी इंग्रजांपाशी याच अर्थाचा 'अर्म' असा घरचा शब्द होता; जर्मन भाषेत तो आजही नांदतो, इंग्रजीतून मात्र तो नाहीसा झाला. लॅटिन 'पाउपेर' ची फोड भाषाशास्त्रज्ञ 'थोडे' आणि 'प्रसवणे, उत्पन्न करणे' या दोन अंशांत करतात. म्हणजे 'पाउपेर' म्हणजे मूलतः 'ज्यातून थोडे निघते ते'. रानात राबणाऱ्या माणसाला हा अर्थ लगेच उमगेल. आपणही जमिनीला 'हलकी' म्हणतो आणि गाईला 'आटलेली' म्हणतो, तसाच हा शब्द.

या मुळाची आठवण इंग्रजीने कधी पुसली नाही. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात फारोच्या स्वप्नातील रोडक्या गाईंना (उत्पत्ती ४१:१९) हेच विशेषण लावले आहे. पुढे 'ज्यातून थोडे निघते' यापासून 'ज्याचा दर्जा कमी' हा अर्थ सहज निघाला. प्रकृती चांगली नसली तर ती 'पुअर', कापड टिकाऊ नसले तर ते 'पुअर', विद्यार्थ्याचे अक्षर वाईट असले तर तेही 'पुअर'. तिसरा अर्थ कीव करण्याचा : एखाद्या लक्षाधीशाचा मुलगा वारला तरी इंग्रज त्याला 'पुअर' म्हणेल, कारण तेथे त्याला 'बिचारा' म्हणायचे असते. चौथा अर्थ विनयाचा : माझे हे 'पुअर' मत, म्हणजे अल्प मत. अशा रीतीने द्रव्याचा अभाव, गुणाचा अभाव, कीव आणि विनय असे चार निरनिराळे अर्थ एका शब्दाच्या छपराखाली राहू लागले.

शब्दाच्या या घरात पुढे सरकारनेही एक खोली घेतली. १६०१ साली इंग्लंडमध्ये 'पुअर लॉ' हा कायदा झाला आणि गरिबांच्या पोषणाची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर आली. या व्यवस्थेत म्हातारा, पंगू व अनाथ हे मदतीस पात्र ठरत; धडधाकट असून काम न करणारा शिक्षेस पात्र ठरे. १८३४ साली हा कायदा बदलण्यात आला आणि मदत हवी असेल तर श्रमगृहात येऊन राहा, अशी सक्ती वाढली. तेव्हापासून 'पुअर' या शब्दामागे एक टेबल, एक नोंदवही आणि 'हा पात्र की अपात्र' असे विचारणारा कारकून उभा आहे. आपल्या मंडळ्यांतील 'पुअर फंडा'चे नाव याच इंग्रजी परंपरेतून आले आहे. त्या सदरातून मदत करण्यात काहीच गैर नाही. पण मदत मागणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे तपासण्यास मात्र जागा आहे.

येथे मुख्य धोका कोणता, तो स्पष्ट सांगितला पाहिजे. ज्या भाषेत 'द्रव्यहीन' आणि 'निकृष्ट' यांना एकच विशेषण आहे, त्या भाषेत लिहिलेले भाष्य वाचताना आपल्याही मनात नकळत ही जोडी जमते. मग गरिबांविषयीचा उपदेश म्हणजे कनिष्ठांविषयीचा उपदेश होऊन बसतो, आणि उपदेशक स्वतः कोणत्या बाजूला उभा आहे हे त्याच्या आवाजावरूनच श्रोत्यांना कळते.

३. मराठीची शब्दसंपत्ती

इंग्रजीची ही अडचण मराठीला नाही, असे वाटून कोणी समाधान मानू नये. मराठीच्या गाठी वेगळ्या आहेत, इतकेच.

'गरीब' हा आपल्याकडचा सर्वांत रुळलेला शब्द मूळचा अरबी आहे, आणि अरबीत त्याचा अर्थ 'निर्धन' असा नाहीच. तेथे 'गरीब' म्हणजे परका, परदेशी, घरापासून दूर आलेला. सूर्य मावळतो त्या दिशेचे 'मगरिब' हे नाव याच धातूचे. फारसीतून हा शब्द हिंदुस्थानात आला, आणि येथे परक्याचा निर्धन झाला. हे स्थित्यंतर समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही : घर सोडून आलेल्या माणसाजवळ शेत नसते, ओळख नसते, उधार देणारा दुकानदार नसतो. परका बहुधा निर्धनच असतो, आणि निर्धन झालेला बहुधा परका होतो.

परंतु मराठीने या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटवला. 'माणूस मोठा गरीब आहे' असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या मिळकतीविषयी बोलत नसतो. तो निरुपद्रवी आहे, उलट उत्तर देत नाही, असे सांगत असतो. 'गरीब गाय' या शब्दप्रयोगात तर हा अर्थ पूर्ण उतरला आहे. इंग्रजीने द्रव्याच्या अभावाची गाठ दर्जाच्या अभावाशी मारली. मराठीने ती प्रतिकाराच्या अभावाशी मारली. मराठी गरीब हा कनिष्ठ नाही, पण मुका आहे. मालकाला, सावकाराला आणि कधी कधी धर्मोपदेशकालाही असा गरीब फार आवडतो.

'दरिद्र' या शब्दाचा इतिहास याहून नवलाचा आहे. संस्कृतात तो 'द्रा' म्हणजे पळणे, धावणे या धातूच्या अतिशयार्थक रूपापासून सिद्ध होतो. दरिद्र म्हणजे मूलतः इकडून तिकडे भटकणारा. यजुर्वेदाच्या रुद्राध्यायात प्रत्यक्ष रुद्राला 'दरिद्र' असे संबोधन आले आहे. एक अरबी शब्द आणि एक संस्कृत शब्द. दोघांच्या कुळांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोघांच्या मुळाशी वाटेवरचा, ठाव नसलेला माणूस उभा आहे. मराठीत आता मात्र 'दरिद्री' हा शब्द शिवीच्या जवळ जाऊन पोहोचला आहे. 'दरिद्री लक्षण' म्हटले की त्यात अपशकुन येतो, कद्रूपणा येतो, तिरस्कार येतो.

'दीन' या शब्दाची प्रतिष्ठा याच्या अगदी उलट. संस्कृतात दीन म्हणजे क्षीण झालेला, खिन्न, भेदरलेला. मराठीत 'दीनवाणा चेहरा' म्हणताना तो अर्थ अजून जिवंत आहे. पण संतवाङ्मयाने या शब्दाला देवळाच्या गाभाऱ्यात नेले. भक्त स्वतःला दीन म्हणवितो आणि देवाला दीनानाथ, दीनदयाळ, दीनबंधू म्हणतो. 'मी गरीब आहे' हे मनुष्य मनुष्याला सांगतो. 'मी दीन आहे' हे मनुष्य देवाला सांगतो. एकोणिसाव्या शतकात या शब्दाला पुन्हा रस्त्यावर आणण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी 'दीनबंधू' हे सत्यशोधकांचे वृत्तपत्र सुरू केले. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे आले, आणि त्यांनी मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांना संघटित केले. गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली ती याच चळवळीचे फळ. रविवारी उपासना चालविणाऱ्या आपल्या वर्गाने हे स्मरणात ठेवावे. चार्ल्स फ्रीअर अँड्रूज या धर्मोपदेशकालाही हिंदी जनतेने 'दीनबंधू' हीच पदवी दिली. तरीसुद्धा सर्वसाधारण मराठी कानाला 'दीन' हा शब्द अद्याप अभंगाच्या चालीतच ऐकू येतो.

४. मूळ शब्द

आता मूळ भाषांकडे वळू. जुन्या करारात आपण 'गरीब' म्हणून वाचतो तेथे हिब्रूत एकच शब्द नसतो. 'अनी' म्हणजे वाकलेला, ज्याला कोणी तरी वाकविले आहे असा. त्याच कुळातील 'अनाव' म्हणजे देवापुढे वाकलेला, नम्र. 'एव्योन' म्हणजे गरजू. 'दल' म्हणजे झिजलेला, रोडका; फारोच्या गाईंना हिब्रूत लावलेले विशेषण हेच. 'राश' म्हणजे निर्धन. नाथानाने दाविदाला सांगितलेल्या गोष्टीतील एका मेंढीचा धनी तो हा (२ शमुवेल १२). 'मिस्केन' हा उपदेशकाच्या पुस्तकात (४:१३; ९:१५) येणारा शब्द तर फार प्रवासी निघाला : तो अरामी व अरबी भाषांत गेला, आणि 'मिस्कीन' या रूपाने हिंदुस्थानातही येऊन पोहोचला. पेशित्ता या प्राचीन सिरियाक भाषांतरात पहिल्या धन्यवचनात हाच शब्द आहे.

ग्रीक भाषेत दोन शब्दांतला भेद महत्त्वाचा आहे. 'पेनेस' म्हणजे कष्ट करून हातातोंडाची गाठ घालणारा. 'प्तोखोस' म्हणजे ज्याच्यापाशी काहीच नाही, जो अंग चोरून, दबकून दुसऱ्यापुढे हात पसरतो तो. नाटककार आरिस्तोफानेस याच्या 'प्लूतोस' या ख्रिस्तपूर्व ३८८ मधील नाटकात स्वतः गरिबीच रंगभूमीवर येऊन हा भेद समजावून सांगते : माझ्या घरचा माणूस काटकसरीने व श्रमाने जगतो, त्याला उरत नाही पण पुरते, भिकाऱ्याशी माझी गल्लत करू नका, असा तिचा दावा आहे. नव्या करारात 'पेनेस' हा शब्द केवळ एकदाच येतो (२ करिंथ ९:९), आणि तोही स्तोत्रसंहितेतील अवतरणात. इतरत्र जवळजवळ सर्वत्र 'प्तोखोस' आहे : धन्यतेच्या वचनांत तो, श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराला तो (लूक १६:२०), दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला तो (मार्क १२:४२), मंडळीत येऊन खाली बसविल्या जाणाऱ्या मळक्या वस्त्रांतील माणसालाही तोच (याकोब २:२).

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी हिब्रू 'अनी' साठी बहुधा 'प्तोखोस' हाच शब्द योजला. त्यामुळे नव्या कराराच्या वाचकाला त्यात ग्रीक भिकारी आणि हिब्रू वाकविलेला असे दोघेही ऐकू येत. हा माणूस निकृष्ट आहे, असे त्यात नाही. तो निरुपद्रवी आहे, असेही त्यात नाही. त्याच्यापाशी काही नाही आणि त्याला कोणी तरी वाकविले आहे, एवढेच त्यात आहे.

५. आपल्या भाषांतराची चिकित्सा

प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात मत्तयाच्या व लूकाच्या दोन्ही वचनांत 'दीन' हा शब्द आहे. मत्तयाच्या वचनात 'आत्म्याने' या पदाची जोड असल्यामुळे तो फारच समर्पक ठरतो. मृत समुद्राकाठी १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांपैकी 'युद्धाच्या गुंडाळी'त याच घडणीचा हिब्रू शब्दसमूह मिळाला आहे आणि त्यात 'अनाव' हेच विशेषण आहे. देवापुढे वाकलेल्या मनाला मराठीत 'दीन' याहून योग्य शब्द सापडणे कठीण. या ठिकाणी आपल्या भाषांतरकारांनी संतपरंपरेच्या शब्दाचा जो उपयोग केला तो इंग्रजीला न साधणारा आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

अडचण लूकाच्या वचनात आहे. तेथे 'आत्म्याने' हे पद नाही. लगेच पुढे भुकेल्यांचा उल्लेख आहे, आणि मागून श्रीमंतांविषयीचा शोक आहे (६:२४). येथील गरिबी शिधापत्रिकेतली आहे, अभंगातली नव्हे. पण 'दीन' शब्द कानी पडताच मराठी श्रोता हात जोडलेला भक्त पाहतो आणि त्याचे रिकामे ताट विसरतो. उपदेशकाचीही सोय होते : मत्तयाचे 'आत्म्याने' तो लूकाच्याही वचनात नेऊन बसवितो, आणि दोन सुवार्तांचे दोन आवाज एक करून टाकतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आणि अधिक महत्त्वाची आहे. २ करिंथ ८:९ मध्ये प्रेषित पौल ख्रिस्ताविषयी जे क्रियापद योजतो ते 'प्तोखोस' पासूनच बनले आहे. म्हणजे ज्यांना प्रभूने धन्य म्हटले, तेच तो स्वतः झाला, हा संबंध ग्रीक वाचकाला शब्दातच दिसतो. आपल्या भाषांतरात मात्र पौलाच्या वाक्यात 'दरिद्री' शब्द आहे आणि धन्यतेच्या वचनांत 'दीन'. दोहोंतील धागा मराठी वाचकाच्या हातून सुटतो. आशीर्वाद मिळाला तो आदरणीय दीनाला. ख्रिस्त झाला तो मात्र दरिद्री.

यावरून 'दरिद्री' शब्द बदलावा, अशी सूचना कोणी केल्यास ती मान्य होण्यासारखी नाही. उलट आपल्या भाषांतरातील हे एक धैर्याचे स्थान आहे. जो शब्द बाजारात तिरस्काराने उच्चारला जातो तोच येथे प्रभूला लावला आहे. आणि त्याचा मूळ अर्थ भटकणारा असा आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला डोके टेकण्यास जागा नसलेल्या मनुष्याच्या पुत्राचे (मत्तय ८:२०) स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. उणीव आहे ती उपदेशाची. ही दोन वचने शेजारीशेजारी ठेवून त्यांतील शब्द एकच आहे, हे मंडळीला सांगण्याचे काम भाषांतरकार करू शकत नाही. ते आपले काम आहे.

मराठी बोलीचा आग्रह धरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंचे येथे स्मरण होते. त्यांचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. अशिक्षित बाईलाही कळावे, आणि विद्वानांच्या शब्दांमागून अनाहूत अर्थ आत शिरू नयेत, हा त्यांचा कटाक्ष होता. भाषांतर तपासताना ही कसोटी आजही उपयोगी आहे : हा शब्द कोणाच्या घरात वाढला, आणि तो येताना बरोबर काय घेऊन आला?

६. पर्वत पाटियाचा श्रोता

ही कसोटी लावण्यासाठी आता सुरतेकडे जाऊ. शास्त्राच्या भाषांतराशी या शहराचा संबंध जुना आहे. लंडन मिशनरी सोसायटीच्या स्किनर व फायव्ही यांनी केलेला गुजराती नवा करार १८२१ साली येथेच छापला गेला. प्रचलित गुजराती भाषांतरात मत्तयाच्या पहिल्या धन्यवचनात 'रांक' हा शब्द आहे. तो आपल्या 'रावापासून रंकापर्यंत' मधील रंकाचा सख्खा भाऊ. आणि गमतीची गोष्ट अशी की आपल्या 'गरीब' शब्दाप्रमाणे गुजराती 'रांक' ही निर्धन आणि निरुपद्रवी अशा दोन्ही अर्थांनी वापरतात. शेजारच्या भाषेतही तीच गाठ.

पर्वत हे एके काळचे गाव. गुजरातीत 'पाटियुं' म्हणजे फळी, पाटी. हमरस्त्यावर जेथे गावाची पाटी असते आणि जेथून गावाकडे वळायचे, त्या जागेला पाटिया म्हणतात. आपण ज्याला फाटा म्हणतो तेच. आता गाव शहरात मिसळले आहे आणि पाटियाचा चौक गजबजला आहे. नावात पर्वत असला तरी जमीन तापीकाठची, सपाट आहे. मत्तयाने प्रभूचे प्रवचन डोंगरावर ठेवले आणि लूकाने ते सपाट जागी (६:१७) ठेवले, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या गावाच्या नावातच दोन्ही सुवार्ता शेजारी नांदताना दिसतील.

या भागात आणि लगतच्या लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कोणी यंत्रमागावर, कोणी रंगाई-छपाईच्या कारखान्यात, कोणी कापड बाजारात घड्या घालण्याच्या व गाठी वाहण्याच्या कामावर. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी, आणि महानगरपालिकेच्या मराठी शाळेत मुलांची मराठी. हा माणूस ग्रीक परिभाषेत 'पेनेस' आहे : तो राबतो, हात पसरत नाही. त्याला 'पुअर' म्हणून निकृष्ट समजणे चूक, आणि 'गरीब' म्हणून मुका समजणेही चूक. २०२० च्या टाळेबंदीत काम थांबले, मजुरी थांबली, आणि गावी जाऊ द्या म्हणून सुरतेचे परप्रांतीय कामगार, विशेषतः ओडिया कामगार, रस्त्यावर आले. राबणारा माणूस किती थोड्या दिवसांत 'प्तोखोस' होऊ शकतो, आणि ज्याला आपण गरीब गाय म्हणतो त्याला वाचा असते, हे दोन्ही तेव्हा साऱ्या देशाने पाहिले.

'परप्रांतीय' या शब्दाकडेही लक्ष द्यावे. सुरतेत हा शब्द खानदेशी माणसाला लागू होतो; मुंबईत तोच शब्द मराठी माणूस दुसऱ्याला लावतो. परका कोण, हे माणसाच्या स्वभावावर अवलंबून नसते. तो कोणत्या पाटीपाशी उतरला यावर ते ठरते. आणि येथेच 'गरीब' शब्दाचा विसरलेला अर्थ आपल्या मदतीस येतो. मोशेच्या नियमशास्त्रात शेतातील सरवा कोणासाठी ठेवायचा, तर गरिबासाठी आणि परक्यासाठी (लेवीय १९:१०, २३:२२). हिब्रूत तेथे दोन शब्द आहेत. आपल्या 'गरीब' या एका शब्दात ते दोघेही राहतात. रूथ ही त्यांची मूर्तिमंत साक्ष : निर्धन म्हणून तिला सरवा वेचावा लागला, आणि परकी म्हणून वेचताना भीती होती. १८६५ साली बैरूत येथे पूर्ण झालेल्या अरबी भाषांतरात मत्तय २५:३५ मधील ज्या परक्याला घरात घेण्यात आले, त्याला 'गरीब' असेच म्हटले आहे. आणि धन्यतेच्या वचनात तेथे 'मिस्कीन' चे अनेकवचन आहे. अरबी ख्रिस्ती मनुष्य 'गरीब' हा शब्द न्यायाच्या दिवसाच्या प्रसंगात ऐकतो. मराठी ख्रिस्ती मनुष्य तो दानपेटीजवळ ऐकतो.

अनुवाद २६:५ मध्ये पहिले पीक आणणाऱ्या इस्राएलाला आपल्या पूर्वजाविषयी जे कबूल करावे लागे, त्यातील हिब्रू विशेषणाचेही असेच दोन अर्थ होतात : भटकलेला आणि नाश पावण्याच्या बेतात आलेला. आमचे कूळ असे होते, हे देवापुढे बोलून दाखविल्याशिवाय अर्पण पुरे होत नसे. बंगळूर येथे १९८१ पासून दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी करणाऱ्या अरविंद निर्मल यांनी याच उताऱ्याचा आधार घेतला होता, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. ज्याला आपला पूर्वज भटका होता हे आठवते, तो दाराशी आलेल्या भटक्याला कनिष्ठ समजू शकत नाही.

७. मर्यादा आणि सूचना

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. शब्दाचे मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. जेम्स बार यांनी १९६१ साली पवित्र शास्त्राच्या भाषेवरील आपल्या ग्रंथात हे इतक्या परखडपणे दाखवून दिले की त्यानंतर केवळ धातू काढून उपदेश रचणे कोणाही अभ्यासकाला शोभण्यासारखे राहिले नाही. मराठी 'गरीब' शब्द मूळचा अरबी आहे म्हणून लूकाच्या वचनाचा अर्थ 'परके धन्य' असा होत नाही. लूकाने अरबीत लिहिले नाही. व्युत्पत्तीचा उपयोग शास्त्राचा अर्थ ठरविण्यासाठी नसून, आपण त्या अर्थात स्वतःचे काय मिसळले आहे ते ओळखण्यासाठी आहे. गरीब आणि परका यांचा संबंध शास्त्रात आहे तो लेवीय, रूथ आणि मत्तय यांच्यामुळे. आपल्या शब्दाने त्याची आठवण करून दिली, एवढेच त्याचे श्रेय.

ही मर्यादा पाळून उपदेशकाने तीन गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली : इंग्रजी भाष्यात 'पुअर' शब्द आला की त्या ठिकाणी द्रव्याचा अभाव, दर्जाचा अभाव, कीव आणि विनय यांपैकी कोणता अर्थ आहे ते आधी ठरवावे, आणि मगच मराठी शब्द निवडावा. कीव असेल तेथे 'बिचारा' म्हणावे. 'गरीब' म्हणू नये. दुसरी : लूकाचे वचन वाचताना 'दीन' शब्द वाचून झाल्यावर त्यापुढील भुकेचे वचन आणि २ करिंथ ८:९ मधील 'दरिद्री' हा शब्द त्याच उपदेशात, त्याच दमात वाचावा, म्हणजे गाभारा आणि रस्ता यांची फारकत होणार नाही. तिसरी : 'गरीब' हा शब्द सौम्यतेचा प्रतिशब्द म्हणून व्यासपीठावरून वापरणे सोडावे. सौम्यतेसाठी शास्त्रात वेगळे वचन आहे (मत्तय ५:५) आणि मराठीत त्यासाठी 'सौम्य' हा चांगला शब्द आहे. निर्धनाला गप्प राहण्याचा उपदेश करण्यासाठी धन्यतेचे वचन दिलेले नाही.

पर्वत पाटियासारख्या वस्तीत उभा राहून जो धन्यतेचे वचन वाचील, त्याच्या पुढ्यात बसलेली माणसे तो शब्द कोणत्या अर्थाने उच्चारतो हे लगेच ओळखतील. कारण त्या शब्दाचे सगळे अर्थ त्यांना अनुभवाने ठाऊक आहेत : कारखान्यात कनिष्ठ ठरविले जाण्याचा, घरमालकापुढे गप्प राहण्याचा, आणि पाटीपाशी उतरलेल्या पहिल्या दिवशी परके असण्याचा. कोश आपल्याला लागतो. त्यांना लागत नाही.